ॲटॅचीतलं ऑफिस: मोबाईल-टॅबवर फिरतीचं काम करणाऱ्या नवख्यांसाठी

विम्याचे फॉर्म, पतसंस्थेची वसुली, ठिबकचा सर्व्हे, बँकमित्राचं काम, बेदाणा विक्रीच्या हिशेबपट्ट्या पोचवणं. सांगली जिल्ह्यात यांतलं कुठलंही काम धरलं की टेबल-खुर्ची मिळेल ही आशा सोडायची. मिळतो सोसायटीचा कट्टा, देवळाची पायरी, किराणा दुकानाचं काउंटर, नाहीतर बेदाणा शेडमधला पालथा क्रेट. तिथं लॅपटॉप उघडला की चार्जर कुठं लावायचा इथून सुरुवात होते. म्हणून पुष्कळ जण मोबाईल किंवा आठ इंची टॅब, छोटा प्रिंटर, पॉवर बँक आणि कागद एका कडक ब्रीफकेसमध्ये बसवून फिरतात. सोय चांगली आहे, मात्र ती सगळ्यांच्या कामाची नाही. आणि ती बसवताना नवखी मुलं हमखास उलट्या टोकाकडून सुरुवात करतात: आधी भारीतला टॅब, मग प्रिंटर, मग हे सगळं मावेल अशी बॅग. टॅब सगळ्यात शेवटी घ्यायचा आहे, एवढं डोक्यात ठेवून पुढं वाचा.

आधी वही

एक दिवस काहीही विकत न घेता फक्त लिहून काढा. गिऱ्हाईक तुमच्या हातात काय देतं (आधार, सातबारा, पासबुक, रोकड, अंगठा), तुम्ही त्याच्या हातात काय देता (पावती, फॉर्मची प्रत, नुसता मेसेज), आणि त्यातल्या कशाला वीज लागते, कशाला नेट लागतं. बहुतेकांची यादी सात-आठ ओळींच्या वर जात नाही. यादीत जे नाही त्याला पेटीत जागा नाही.

याच यादीवरून कळेल की तुम्हाला पेटी हवी की नको. पिग्मी एजंटला नको. मोबाईल आणि दोन इंची प्रिंटर कमरेच्या पाउचमध्ये मावतो, आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या पावती फाडून द्यायची असते. तिथं ॲटॅची उघडत बसलात तर मागचं गिऱ्हाईक ओरडेल. बँकमित्र, विमा सल्लागार, कर्जाची कागदपत्रं गोळा करणारे, पिकांचे किंवा मालमत्तेचे सर्व्हे करणारे यांना मात्र पेटी उपयोगी पडते, कारण एका ठिकाणी वीस मिनिटं ते तासभर बसायचं असतं आणि चार वस्तू एकदम लागतात.

कर सल्लागारांनी आणि अकाउंटंट मंडळींनी इथंच थांबावं. टॅली विंडोजवर चालतं. कंपनी किंवा एलएलपीचं जीएसटी विवरणपत्र डिजिटल सहीनं भरावं लागतं, आणि त्या सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखी वस्तू) मोबाईलला जोडून पोर्टलवर चालवायला जाणं म्हणजे डोकेदुखी. एकट्या मालकाच्या धंद्याचं रिटर्न ओटीपीवर भरता येतं, ते मोबाईलवरून होईल. पण रोज पाच-सहा तास एक्सेल बघायचं असेल तर साधा हलका लॅपटॉप घ्या. ऑफिसातला पीसी लांबून मोबाईलवर उघडायची युक्तीही लोक सांगतात. ती दोन्हीकडं नेट धड असेल तोवरच चालते, आणि ऑफिसात लाईट गेली की तीही संपली.

पेटी

घरच्या माळ्यावर वडिलांची जुनी प्लॅस्टिकची ॲटॅची असेल तर आधी तीच खाली काढा. या पेट्या आपल्या कामासाठीच केल्यासारख्या असतात: कडक कवच, आकड्यांचं कुलूप, आणि कागद ठेवायला झाकणात कप्पा. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात कारागिरांसाठी ॲल्युमिनियमच्या कडा असलेली टूलबॉक्स मिळते. दिसायला ती झकास असते, पण रिकामीच जड असते आणि खेड्यात लोकांना वाटतं मीटर तोडायला माणूस आला. मिरजेकडच्या एका गावात पेटी उघडण्याआधीच एका आजींनी विचारलं होतं, "काय ओ, पेटी वाजवणार हाय व्हय?" तंतुवाद्यांच्या गावाशेजारी हे चालायचंच.

पेटी घेताना बिजागरी बघा. झाकण नव्वद-शंभर अंशांवर स्वतःहून थांबलं पाहिजे. सैल झाकणाची पेटी मांडीवर उघडली की ते मागं कलंडतं आणि सगळा संसार पायाशी. दोन्ही बाजूंना छोटी पट्टी किंवा साखळी लावून घेता येते, ट्रंक दुरुस्त करणारा लावून देतो.

आता मांडणी. आतल्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापा, त्यावर सगळ्या वस्तू ठेवा आणि पेनानं कडा आखा. पेटी हातात धरून चालताना बिजागरीची बाजू खाली असते, म्हणून पॉवर बँक आणि प्रिंटर त्या बाजूला. वजन वर राहिलं तर चालताना पेटी गुडघ्यावर आपटत राहते. झाकणात कागदांशिवाय काही ठेवू नका. तिथं टॅब चिकटवून लॅपटॉपसारखा देखावा करणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण झाकण जड झालं की उघडी पेटी मागं पडते आणि टॅबची काच गेली.

फोम कुठला घ्यायचा? गादीवाल्याकडचा मऊ स्पंज नको. वर्षभरात त्याचा भुगा होतो आणि तो भुगा चार्जिंगच्या भोकात बसतो. चपलांच्या तळव्याला वापरतात तसला दाट ईव्हीए फोम घ्या आणि नव्या कटरच्या पात्यानं कापा. खाच वस्तूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी मापाची ठेवली की वस्तू घट्ट बसते. पॉवर बँक आणि टॅब यांना मात्र चारी बाजूंनी फोममध्ये गाडू नका. फोम उष्णता कोंडून धरतो. त्यांच्या खाली पातळ पट्टी, वरून वेल्क्रोचा पट्टा आणि बाजूला हवा. पट्टे आणि झाकणातले कप्पे गाडीचे सीट कव्हर शिवणारा माणूस अर्ध्या तासात शिवून देतो.

भरलेल्या पेटीचं वजन चार किलोच्या आत ठेवा. वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा, अंदाज नको. स्कूटरच्या फूटबोर्डवर पायांमध्ये पेटी उभी राहते, तो सगळ्यात चांगला प्रवास. मोटारसायकलवर मागच्या सीटला रबरानं बांधाल तर खड्ड्यांचा सगळा मार वस्तूंना बसतो. अशा वेळी सॅकमध्ये बसेल अशी छोटी पेटी घ्या आणि पाठीवर टाका.

वीज

पेटी बंद पडते ती बहुधा इथं.

पॉवर बँकेवर 20000 एमएएच लिहिलेलं असतं. फोनची बॅटरी 5000 एमएएच, म्हणजे चार वेळा फोन भरेल, हे गणित सगळे करतात आणि ते चुकतं. तो 20000 चा आकडा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवरचा आहे. गुणाकार केला तर 74 वॉट-तास होतात. बाहेर देताना व्होल्टेज 5 किंवा 9 वर चढवावं लागतं, त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, वायरीत काही जाते, फोन भरताना पुन्हा काही जाते. पॉवर बँकेच्या मागं बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' अशी ओळ असते. तिथं 12000 च्या आसपास आकडा दिसेल. खरा हिशेब तोच. 5000 चे चार नव्हे, अडीच फोन धरून चला. ती ओळच नसेल, किंवा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक नसेल, तर कितीही स्वस्त असली तरी ती पॉवर बँक दुकानातच राहू दे.

आता तुमचा दिवस मोजा. मोबाईल दुपारी एकदा भरायचा, टॅब एकदा भरायचा, प्रिंटरची बॅटरी छोटी असते तिला थोडं. यात 20000 ची एक पॉवर बँक संध्याकाळपर्यंत पुरते. जत-आटपाडीकडं सकाळी निघून रात्री परत यायचं असेल तर दुसरी 10000 ची ठेवा. एकच अवाढव्य घेण्यापेक्षा दोन बऱ्या, एक बिघडली तर दुसरी असते.

आणखी एक खोड. बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज ओढली जातेय असं दिसलं की स्वतःहून बंद होतात. छोटा वायफाय हॉटस्पॉट किंवा जवळजवळ भरलेला प्रिंटर लावला की हे होतं, आणि आपल्याला वाटतं वायर गेली. काहींमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होतो. घेताना दुकानदाराला तो दाखवायला लावा.

झाकण लावून, कुलूप घालून आत चार्जिंग चालू ठेवायचं नाही. यात तडजोड नाही. लिथियमची बॅटरी, कोंडलेली हवा आणि एप्रिलमधलं कवठेमहांकाळचं ऊन हे एकत्र येऊ द्यायचं नाही. उन्हात उभ्या चारचाकीतही पेटी सोडू नका.

तारा आणि एकच भोक

मोबाईलला भोक एक, आणि जोडायच्या वस्तू दोन-तीन. बोटाच्या ठशाचं यंत्र लावलं की चार्जिंग बंद, चार्जिंग लावलं की यंत्र बाहेर. यावर उपाय म्हणजे छोटा यूएसबी-सी हब, पण त्यात 'पीडी पास-थ्रू' असलेलाच घ्या. म्हणजे हबमधून फोनला वीजही जाते आणि यंत्रही चालतं. हे सगळ्याच फोनवर जमत नाही. म्हणून दुकानात स्वतःचा फोन, स्वतःचं यंत्र आणि चालू पॉवर बँक, तिन्ही जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काही फोनमध्ये ओटीजी (बाहेरचं यंत्र फोनला जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर नसला की ते आपोआप बंद होतं. गिऱ्हाईकाचा अंगठा यंत्रावर आणि स्क्रीनवर 'डिव्हाइस नॉट कनेक्टेड' असं दिसलं तर आधी तिथं बघा.

केबल विकत घेताना ती डेटा केबल आहे याची खात्री करा. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. चालणाऱ्या केबलीला रंगीत टेप गुंडाळा.

आधारच्या ठशासाठी आता एल-1 या जास्त सुरक्षित दर्जाचं यंत्र लागतं. जुनं एल-0 कोणी निम्म्या किमतीत देऊ करेल, ते घेऊ नका. यंत्राच्या आरडी सर्व्हिसची (ठसा आधारकडं पाठवणाऱ्या नोंदणीकृत सॉफ्टवेअरची) मुदत कधी संपते ते पेटीच्या झाकणात आतून लिहून ठेवा.

प्रिंटर आणि मराठी पावती

दोन इंची थर्मल प्रिंटरला 58 मिलिमीटर रुंदीचा रोल लागतो, छपाई 48 मिलिमीटरमध्ये होते. पावतीला हे पुरेसं आहे. कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता किंवा मोठा तपशील द्यायचा असेल तर तीन इंची. ए-फोर कागदावर छापणारे पोर्टेबल प्रिंटरही मिळतात, पण माझ्या मते पेटीत त्यांना जागा देऊ नये. गावातल्या सीएससी (सरकारी सेवा) केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात फाईल पाठवा, तिथून छापून घ्या.

स्वस्त प्रिंटर घेतल्यावर पहिल्याच दिवशी कळतं ते हे: इंग्रजी छान उमटतं, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चिनी दिसणारी अक्षरं येतात. प्रिंटर खराब नसतो. त्याच्या आत देवनागरीचा फॉन्टच नसतो. तुमच्या ॲपनं पावतीचं चित्र करून पाठवलं तरच मराठी छापलं जातं, आणि चित्र छापताना वेळ आणि बॅटरी दोन्ही जास्त जातात. म्हणून प्रिंटर घ्यायला जाताना ॲप सोबत न्या आणि 'श्री. ज्ञानेश्वर, रु. 1,250, कृष्णाकाठ' असं जोडाक्षरांचं काहीतरी छापून घ्या. 'ज्ञ' आणि 'ष्ण' नीट आले तर बाकी येतंच.

थर्मल कागद उष्णतेनंच काळा होतो. उन्हात ठेवलेला रोल करडा पडतो आणि छापलेली पावती काही महिन्यांत पुसट होते, प्लॅस्टिकच्या पाकिटात तर लवकर. गिऱ्हाईकाला पावतीचा फोटो काढून ठेवायला सांगा, किंवा तुम्हीच मेसेजवर पाठवा.

आता कॉम्प्युटर

इतकं झाल्यावर टॅबचा विचार. फिरत्या ऑफिसची हौस जुनीच. 1981 चा ऑस्बॉर्न-1 हा पेटीसारखा बंद होणारा संगणक अकरा किलोच्या घरात होता आणि भिंतीतल्या सॉकेटशिवाय चालत नव्हता. त्याउलट 1994 चा एचपी 200 एलएक्स खिशात मावायचा आणि दोन पेन्सिल सेलवर कित्येक दिवस काढायचा. खेड्यातल्या माणसासाठी म्हणून बंगळुरूच्या आयआयएस्सीमधल्या मंडळींनी सिम्प्युटर आखला होता. तोही हातात मावणारा, पण तो बाजारात चालला नाही. आज तुमच्या खिशातला साधा फोन या तिघांपेक्षा कितीतरी ताकदवान आहे, आणि तरी दुपारी तीनला मान टाकतो.

माझा सल्ला: पहिले दोन-तीन महिने असलेल्या फोनवरच काढा. पेटी, वीज आणि प्रिंटर यांची घडी बसली की मग टॅब. घेताना आठ इंच पुरे, दहा इंची टॅब कट्ट्यावर एका हातात धरून गिऱ्हाईकाला दाखवताना मनगट दुखतं. सिमची जागा हवीच. स्क्रीनचा उजेड दुकानाच्या ट्यूबलाईटखाली नव्हे, बाहेर रस्त्यावर येऊन तपासा. सही घ्यायची असेल तर पेन चालतो का बघा, बोटानं केलेली सही ज्याची त्याला ओळखू येत नाही.

उन्हाची मर्यादा खरी आहे. ॲपल आपल्या आयफोन-आयपॅडसाठी वापराचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस सांगते, आणि आपल्या पूर्व भागात उन्हाळ्यात सावलीतच त्याहून जास्त असतं. उन्हात अँड्रॉइडही उजेड कमी करतात, चार्जिंग थांबवतात. अशा वेळी टॅब फ्रीजमध्ये किंवा गार पाण्याच्या बाटलीला लावून ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढा, सावलीत पालथा ठेवा, चार्जिंग काढा.

फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून नकाशा बघत जाणाऱ्यांसाठी: इंजिनाच्या थरथरीनं कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं 2021 मध्ये दिला होता. ज्या कॅमेऱ्यानं दिवसभर कागद टिपायचे तो हँडलवर लावायला नको.

कीबोर्डचं थोडक्यात. घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड पेटीत छान दिसतो, पण मराठी टायपिंग इनस्क्रिप्टनं (देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीनं) येत असेल तरच त्याचा उपयोग. नसेल येत तर बोलून टाईप करणं जलद पडतं. नावं आणि आकडे मात्र बोलून झाल्यावर डोळ्यांनी वाचा.

नेट नसेल तेव्हा

शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर एका कंपनीची रेंज असते तर दुसरीची नसते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं हवीत, एक फोनमध्ये आणि एक टॅबमध्ये. तुमचं ॲप ऑफलाइन फॉर्म साठवतं का हे घरी फ्लाइट मोड लावून तपासा: फॉर्म भरा, फोटो जोडा, ॲप बंद करा, पुन्हा उघडा. माहिती शाबूत असेल तर ठीक. शेतकऱ्याचा डिजिटल सहीचा सातबारा लागणार असेल तर तो आदल्या रात्रीच महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढून ठेवा. अंगठ्याच्या व्यवहाराला मात्र त्या क्षणी नेट लागतंच. रेंज असलेली जागा आधी शोधा आणि मग गिऱ्हाईकाला तिथं बोलवा.

हळद, पाऊस आणि दुसऱ्यांचे कागद

सांगलीच्या मार्केट यार्डात हंगामात हळदीची बारीक धूळ हवेतच असते. ती चार्जिंगच्या भोकात बसते, केबलीनं दाबली जाते आणि काही दिवसांनी केबल सैल बसायला लागते. तोंडानं फुंकू नका, थुंकी आत जाते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच काढा. वापरात नसलेल्या भोकांना रबरी बुचं लावा, अगदी किरकोळ किमतीत मिळतात. पावसाळ्यासाठी पेटीवर चढेल अशी जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. ॲटॅचीच्या कडा पाण्याला अडवत नाहीत.

पेटीत लोकांची आधारं, पासबुकांच्या झेरॉक्स असतात. यंत्रं गेली तर पैशांचं नुकसान, कागद गेले तर लोक दारात येतील. जिथं चालतं तिथं शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार मागा. फोटो वैयक्तिक गॅलरीत न काढता ॲपमधूनच काढा, नाहीतर आधारकार्डं घरच्या लग्नाच्या फोटोंत जाऊन बसतात आणि मुलगा ती ग्रुपवर टाकतो. स्क्रीनला पिन, हरवलेला फोन शोधायची सोय चालू, आणि चहाला उतरलात तरी पेटी हातात.

रंगीत तालीम

पहिल्यांदा थेट गावात जाऊ नका. घरी अंगणात जमिनीवर बसा, पेटी मांडीवर, भावाला किंवा बहिणीला गिऱ्हाईक करा. पेटी उघडल्यापासून पहिला फॉर्म समोर येईपर्यंत किती वेळ लागतो तो मोबाईलवर मोजा. एका मिनिटाच्या वर गेला तर मांडणी बदला: जे आधी लागतं ते वर, हबच्या तारा कायम जोडलेल्या, प्रिंटरचं झाकण काढावं न लागेल असा. मग घरातली लाईट बंद करून तेच करा, कारण संध्याकाळी सातला वस्तीवर बसायची वेळ येणारच आहे. छोटी यूएसबी लाईट पेटीत हवी हे तेव्हाच लक्षात येईल.

मग पहिला आठवडा शहरातच, विश्रामबाग किंवा मिरजेच्या बाजूला, जिथून काही अडलं तर अर्ध्या तासात घरी येता येईल.

आणि छापील पावतीपुस्तक, कार्बन पेपर व दोन पेनं झाकणाच्या कप्प्यात कायम ठेवा. प्रिंटर अडला की सॉरी म्हणत बसायचं नाही, हातानं पावती लिहून द्यायची. पुस्तकाचे क्रमांक आणि ॲपचे क्रमांक वेगळ्या मालिकेत ठेवा, म्हणजे हिशेबात घोळ होत नाही. हातानं लिहिलेल्या पावत्या त्याच रात्री ॲपमध्ये चढवा आणि स्थळप्रतीवर तशी खूण करा.